येर म्हणजे पाणी

अंगणवाडी सेविकांच्या भरतीची जाहिरात निघते तेव्हा तिच्यात एक अट असते. ज्या केंद्रात निम्म्याहून अधिक मुले मराठीखेरीज दुसरी भाषा बोलतात, तिथे निवडल्या जाणाऱ्या बाईला मराठीबरोबर ती भाषाही आली पाहिजे. पुढे भाषांची नावे असतात. उर्दू, हिंदी, तेलुगू, कन्नड, कोरकू, पावरी, भिल्लोरी, बंजारा आणि गोंडी. ही अट ज्याने लिहिली, त्याला तीन वर्षांचे मूल नक्की ठाऊक असले पाहिजे.

कारण त्या मुलाचे सगळे जग त्या एका अटीत आहे. आईचा हात सोडून ते पहिल्यांदाच दुसऱ्याच्या दारात येऊन बसते. थोड्या वेळाने तहान लागते. ते म्हणते, ‘येर.’ गोंडीत येर म्हणजे पाणी. समोरच्या बाईला हे कळले तर ती उठून पेला भरते आणि मुलाला समजते की इथेही आपले कोणी आहे. कळले नाही तर मूल आणखी एकदा सांगते, मग गप्प होते. दोन-तीन दिवसांनी ते यायचेच थांबते. वहीत त्याच्या नावापुढे गैरहजेरी लागते. ते का थांबले याला वहीत रकाना नाही.

अंगणवाडीने २ ऑक्टोबर २०२५ ला पन्नाशी गाठली. त्या दिवशी दसराही होता. १९७५ च्या गांधीजयंतीला, देशातल्या ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. महाराष्ट्रात तिची सुरुवात दोन टोकांना झाली. एक मेळघाटातली धारणी, दुसरी मुंबईतली धारावी. तेव्हा गडचिरोली नावाचा जिल्हाच नव्हता. तो चंद्रपूरमधून वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. आज देशात सुमारे चौदा लाख आणि राज्यात सुमारे एक लाख दहा हजार अंगणवाड्या आहेत. पन्नाशीनिमित्त भाषणे होतात, सत्कार होतात, ते व्हावेतही. आम्हाला मात्र एकाच प्रश्नावर बोलायचे आहे. भामरागड, एटापल्ली, कोरची, धानोरा, जिवती या तालुक्यांतल्या एखाद्या लहान वस्तीवर, टोल्यावर किंवा गुड्यावर, तिथल्या अंगणवाडीत बसणारी बाई कोण असावी, तिला कोणी घडवावे आणि ती तिथे टिकावी म्हणून आपण काय द्यायला तयार आहोत?

गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांत भाषेचा नकाशा दर दहा-वीस कोसांवर बदलतो. भामरागड-एटापल्लीत माडिया, धानोऱ्यात गोंडी, कोरचीकडे छत्तीसगढी, सिरोंच्यात तेलुगू. मुलचेरा-चामोर्शीत पूर्व बंगालातून येऊन वसलेल्या कुटुंबांची बंगाली. चंद्रपूरच्या जिवती-कोरपना पट्ट्यात कोलामी. आणि आरमोरी, ब्रह्मपुरी, सिंदेवाहीला जी मराठी आहे ती झाडीबोली. छापील पुस्तकातल्या मराठीशी तिचेही सगळे जुळत नाही. पुण्या-मुंबईत बसून आखलेला एक अभ्यासक्रम आणि एकाच साच्यातली बाई इथे चालणार नाही, हे इथल्या कुठल्याही आजीला विचारले तरी ती सांगेल.

अडचण अशी की भाषेच्या अटीशेजारीच दुसरी अट उभी आहे. २०२३ पासून सेविका आणि मदतनीस दोघींसाठी किमान शिक्षण बारावी झाले. त्याआधी सेविकेला दहावी आणि मदतनिसाला सातवी पुरत असे. अट वाढवण्यामागचा हेतू आम्हाला मान्य आहे. लहान मुलांना कोणीही सांभाळेल, हा आपल्या समाजातला जुना आणि फार नुकसान करणारा समज आहे. तो मोडायचा तर या कामाला पात्रता लागते हे ठणकावून सांगावेच लागेल. पण तिसरी अट विसरता येत नाही: उमेदवार त्याच गावची रहिवासी हवी. आता तीस-पस्तीस घरांचा एखादा माडिया टोला डोळ्यांपुढे आणा. चौथीनंतरची शाळा दुसऱ्या गावी. आश्रमशाळा त्याहून दूर. तिथून बारावी होऊन परत आलेली आणि त्याच टोल्यावर संसार थाटलेली सून किती घरांत सापडेल? जी मुलगी बारावी होते, ती पोलीस भरतीच्या मैदानात धावत असते, नर्सिंगला जाते, किंवा लग्न होऊन दुसऱ्या गावची होते. तिचे काही चुकत नाही. पण टोल्यावर उरते ती सातवी-आठवीपर्यंत शिकलेली, माडिया बोलणारी, गावातले प्रत्येक मूल कोणाचे हे जाणणारी बाई. ती अटीत बसत नाही. अटीत बसणारी मिळते ती बहुतेक वेळा दुसरी भाषा बोलणारी असते. या दोघींपैकी कोणाला निवडायचे?

आमचे उत्तर स्पष्ट आहे. मुलाला जी कळते ती बाई आधी निवडा, आणि तिचे शिक्षण नंतर, नोकरीत असताना, सरकारच्या खर्चाने पूर्ण करा.

हे भाबडेपण नाही. महाराष्ट्रात हे उत्तर दोनदा खरे ठरले आहे, आणि दुसऱ्यांदा तर याच गडचिरोलीत.

पहिली गोष्ट कोसबाडची. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्याच साली तिथे आल्या. पुढे १९५७ मध्ये काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारल्यांची मुले बालवाडीत येत नाहीत हे पाहिल्यावर ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही, बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. आज सारा देश जो शब्द वापरतो तो अंगणवाडी हा शब्द त्या अंगणातून आला आहे. काटक्या, दगड, पाने, बिया, शंख-शिंपले हेच त्यांचे शैक्षणिक साहित्य. जी मुले गुरे राखायला जात त्यांच्यासाठी शाळा कुरणात गेली, तिला कुरणशाळा म्हणत. अनुताई तेराव्या वर्षी लग्न होऊन सहा महिन्यांत विधवा झालेल्या. त्यांचे स्वतःचे शिक्षण वय उलटून गेल्यावर, कष्टाने झाले. शिकणे नंतरही होऊ शकते हे त्यांना कुणी वेगळे शिकवायची गरज नव्हती. २७ सप्टेंबर १९९२ ला त्या गेल्या.

इथेच सेवाग्रामचीही आठवण काढली पाहिजे, तेही चंद्रपूरहून लांब नाही. १९३७ मध्ये वर्ध्याला नई तालीमचा विचार मांडला गेला, तेव्हा तो सात वर्षांपुढच्या मुलांचा होता. १९४५ मध्ये गांधीजींनी त्याची कड वाढवून शिक्षण आईच्या पोटापासून सुरू होते असे म्हटले आणि सेवाग्रामला पूर्व-बुनियादीचे काम सुरू झाले. अंगणवाडीची योजना गांधीजयंतीला सुरू झाली, त्यात या जागेचा धागा आम्हाला दिसतो.

दुसरी गोष्ट शोधग्रामची. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९३ ते १९९८ या काळात गडचिरोलीतल्या ३९ गावांत एक प्रयोग केला. नवजात बाळे घरीच जन्मत आणि घरीच दगावत. डॉक्टर गावात येणार नव्हता. तेव्हा गावातलीच एक बाई निवडली गेली. शिक्षण पाचवी ते दहावी. तिला बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखणे शिकवले गेले, आणि शेवटी प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणेही. तिला नाव मिळाले आरोग्यदूत. शेजारच्या ज्या गावांत हा प्रयोग नव्हता त्यांच्या तुलनेत या ३९ गावांत नवजात बालमृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते जगापुढे ठेवले आणि पुढे देशभरातल्या आशा कार्यकर्त्यांना घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचे काम याच धड्यावरून मिळाले.

हा प्रयोग आपण आरोग्याचा म्हणून वाचतो. तो शिक्षणाचाही होता. सहावी शिकलेल्या बाईच्या हाती इंजेक्शनची सुई देण्याआधी कोणीतरी तिला किती दिवस, किती वेळा, किती धीराने शिकवले असेल याचा विचार करा. आणि ते एकदा शिकवून थांबले नाही. तिच्या कामावर, तिच्या गावात येऊन, तिच्या नोंदी तपासून पुन्हा पुन्हा शिकवले गेले. तिची निवड करताना मोठे प्रमाणपत्र मागितले नाही, तिच्यावर गावाचा विश्वास आहे का ते पाहिले. प्रमाणपत्राने जे काम झाले असते ते नंतरच्या प्रशिक्षणाने केले.

आता सेविकेच्या प्रशिक्षणाकडे या. पूर्वी नव्या सेविकेला कामाचे मूलभूत प्रशिक्षण २६ दिवसांचे असे. ‘पोषण भी पढाई भी’ हा कार्यक्रम २०२३ मध्ये सुरू झाला, हेतू चांगला, सेविकेला शिक्षिका म्हणून पाहण्याचा. त्यातले सेविकांचे वर्ग तीन दिवसांचे. २०२४ मध्ये आधारशिला हा तीन ते सहा वयोगटाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आला. खेळ, गोष्ट, गाणे, परिसर, मातृभाषा सगळे त्यात आहे. पण पहिलीच्या शिक्षकाला दोन वर्षांची पदविका लागते, आणि त्याच्याकडे मूल पोहोचण्याआधीची तीन वर्षे जिच्या हाती आहेत तिला तीन दिवस. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने हे ओळखले होते. मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षाआधी होते असे सांगून त्यात लिहिले आहे की बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम द्यावा आणि कमी शिकलेल्या सेविकेला एक वर्षाची पदविका. म्हणजे कमी शिकलेली बाई या कामात असणार आणि तिला शिकवणे हे सरकारचे काम आहे, हे धोरणात आधीच मान्य झाले आहे. गडचिरोलीने फक्त ते खरे करून मागायचे आहे. आणि ती पदविका मोबाईलवरच्या चित्रफितींनी होणार नाही. जिथे फोन लावायला टेकडीवर चढावे लागते तिथे शिकवणारी व्यक्ती चालत जाऊन शिकवेल, तेव्हाच ते शिक्षण होईल.

एक बाई दिवसभर काय करते तेही पाहू. योजनेच्या सहा सेवा आहेत: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य-आहाराचे शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण. पहिल्या पाचांना वजने आहेत, तारखा आहेत, वरून विचारणा आहे. शाळापूर्व शिक्षणाला वजनकाटा नाही, म्हणून तेच मागे पडते. गरोदर आणि स्तनदा मातांना अमृत आहार योजनेचे जेवण, मुलांना अंडी-केळी, घरी न्यायच्या शिध्याचे वाटप, गृहभेटी. त्यावर २०२१ पासून पोषण ट्रॅकर, आणि जुलै २०२५ पासून शिधा देताना लाभार्थ्याच्या चेहऱ्याची फोनवर ओळख पटवणे. २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरायचे कामही सेविकांकडेच आले होते. यातले एकही काम निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही. कुपोषणाच्या जिल्ह्यात वजनाची नोंद जीव वाचवते. पण गोष्ट सांगत असताना बाई मधेच उठली की ती गोष्ट तिथेच तुटते, आणि तीन वर्षांचे मूल तुटलेल्या गोष्टीजवळ थांबत नाही.

आणि हे सगळे किती पैशांत? १९७५ मध्ये सेविकेला महिन्याला १०० रुपये मिळत, मॅट्रिक असली तर १५०. त्याला पगार म्हटले गेले नाही, मानधन म्हटले गेले, आणि ५० वर्षांनंतरही तोच शब्द चालू आहे. ४ डिसेंबर २०२३ ला राज्यातल्या सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या आणि तो संप ५२ दिवस चालला. त्यानंतर २०२४ मध्ये वाढ झाली. आता सेविकेला १३,००० रुपये आणि कामगिरीनुसार २,००० पर्यंत प्रोत्साहन भत्ता. मदतनिसाला ७,५०० आणि १,००० पर्यंत भत्ता. जिल्हा परिषदेच्या शाळेत नव्याने लागलेल्या शिक्षणसेवकाला १६,००० रुपये मिळतात आणि तीन वर्षांनी तो पूर्ण वेतनश्रेणीत जातो. तो १६,००० मध्येही सुखात नसतो, हे खरे. पण त्याच आवारात तीस वर्षे काढलेली सेविका त्याच्या पहिल्या महिन्याच्याही खाली असते आणि तिच्यापुढे वेतनश्रेणीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी सेविका-मदतनिसांना उपदान (ग्रॅच्युइटी) मिळालेच पाहिजे असा निकाल दिला. त्या निकालात अंगणवाडीत शाळापूर्व शिक्षण दिले जाते याचीही दखल आहे. तरीही उपदान ही ५२ दिवसांच्या त्या संपातली एक मागणी होतीच.

मदतनिसावर थोडे थांबावे लागेल, कारण तिच्यावर कोणी थांबत नाही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या तालुक्यांत वाघ गावाच्या वेशीपर्यंत येतो. तिथे लहान मुले एकटी अंगणवाडीत येऊ शकत नाहीत. घरोघर जाऊन त्यांना गोळा करून आणणारी आणि परत पोचवणारी ती मदतनीस. पाणी ती भरते, खिचडी ती शिजवते, रडणाऱ्याला कडेवर ती घेते. माडिया किंवा कोलामी टोल्यावर सेविका बाहेरून आलेली असेल तर मुलांची भाषा बोलणारी खोलीत तीच एक असते. म्हणजे खरी शिकवण तिच्याच तोंडून होते, आणि तिला कोणी शिक्षिका म्हणत नाही. २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत सेविकांच्या निम्म्या जागा पाच वर्षे काम केलेल्या मदतनिसांतून आणि पर्यवेक्षिकांच्या निम्म्या जागा सेविकांतून भराव्यात असे म्हटले आहे. ही शिडी फार चांगली आहे. मात्र तिची पहिली पायरी पुन्हा शैक्षणिक पात्रतेचीच आहे. एक वर्षाची पदविका त्या पायरीच्या जागी ठेवली, तर सातवी शिकलेली मदतनीस चढू शकेल. बाई टिकते ती पुढे काहीतरी दिसत असले तर. चाळीस वर्षे त्याच पातेल्याशी उभे राहायचे असेल, तर तिच्या मुलीने हे काम का निवडावे?

आणखी एक गोष्ट ऋतूची. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मे महिन्यात तेंदूपान, जुलैत धानाची रोवणी. या दिवसांत आया पहाटेच बाहेर पडतात आणि अंगणवाडी उघडते त्यानंतर. तीन वर्षांखालचे लेकरू आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर राहते आणि त्या बहिणीची शाळा बुडते. एका बाळाला सांभाळायला एका मुलीचे शिक्षण जाते. पाळणा योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची सोय आहे. तेंदूच्या हंगामात सकाळी सहाला उघडणारे पाळणाघर आणि त्यासाठी वेगळी, वेगळ्या मानधनाची बाई, हे या दोन जिल्ह्यांत सगळ्यात आधी व्हायला हवे. सेविकेवरच तो भार टाकला तर काही होणार नाही, तिचे हात आधीच भरलेले आहेत.

पैसे कुठून येणार हा प्रश्न येईलच. सुरजागडच्या डोंगरातून निघालेले लोहखनिज रोज ट्रक भरभरून या रस्त्यांवरून जाते. चंद्रपूरचा कोळसा तर पिढ्यान्‌पिढ्या जातो आहे. खनिजाच्या उत्पन्नातून बाधित भागासाठी निधी बाजूला काढण्याचा कायदा आहे आणि शिक्षण, महिला व बालकल्याण हे त्यातले अग्रक्रमाचे विषय आहेत. त्या निधीतून इमारती, रंग, टीव्ही संच घेणे सोपे असते, कारण त्यांचे फोटो निघतात. बाईला वर्षभर शिकवण्याचा फोटो निघत नाही.

गावे मात्र सरकारची वाट पाहत थांबून राहिलेली नाहीत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने आपल्या गावात आपणच सरकार म्हणत जंगलावरचा हक्क मिळवला. त्याच तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली, आणि शाळेला मान्यता नाही म्हणून तिला नोटिशीला तोंड द्यावे लागले. आपले मूल आपल्या भाषेत शिकावे ही मागणी इतकी खोल आहे की त्यासाठी एक गाव कायद्याच्या दारात उभे राहायला तयार झाले.

पावसाळा दरवर्षी सरतो. पर्लकोटा नदीचे पाणी उतरले की भामरागडचा रस्ता मोकळा होईल, फायली पुन्हा हलू लागतील, रिकाम्या जागांच्या जाहिराती निघतील. भाषेची ती अट त्यांत याही वेळी असेल. ती एका दाखल्याच्या कागदावर भागवू नका. टोल्यावर जा. कोणाच्याही अंगणात पाच मुले बसवा आणि उमेदवार बाईंना एकेक गोष्ट सांगू द्या. मुले कोणाजवळ सरकून बसली ते शेजारी बसलेल्या आजीला विचारून लिहून घ्या.